हार्लनच्या कमरेची दोरी

माझ्या नवऱ्याला पाऊस आवडतो असं सांगितलं, की गावात लोक हसतात. उत्तरेकडच्या बेटावरच्या आमच्या हूना गावात पाऊस आवडायचा प्रश्नच येत नाही, तो असतोच. पण हार्लनला तो मनापासून आवडतो, आणि त्याला कारण त्याचे कान.

तरुणपणी त्याने बेटाच्या पलीकडच्या अंगाला लाकूडतोडीच्या कॅम्पवर बरीच वर्षं करवत चालवली. कानांवर झाकणं लाव म्हणून मुकादम ओरडायचा. हा म्हणायचा, "झाकणं लावली तर झाड कुठल्या बाजूने कडकडतंय ते मला कसं कळणार?" झाड कधी अंगावर पडलं नाही हे खरं. पण चाळिशीच्या आतच एक कान पुरता गेला आणि दुसरा नावापुरता उरला. मग दवाखान्यातून कानात घालायची यंत्रं मिळाली. पाण्याने ती बिघडतात, म्हणून होडीत बसायच्या आधी हा ती काढतो, तंबाखूच्या जुन्या डबीत घालतो आणि डबी माझ्या हातात ठेवतो. "कान सांभाळ," म्हणतो. त्यानंतर घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलायचं म्हणजे आपला घसा आपणच कोरडा करायचा.

असा हा माणूस हरणाच्या शिकारीला जातो तो नेमका पावसात. कोरड्या दिवशी तुम्ही त्याला घराबाहेर काढून दाखवा. त्याचं म्हणणं असं, की कोरड्या दिवशी जंगलात सगळ्यांना ऐकू येतं, एकट्या त्यालाच येत नाही. पाऊस लागला की हरण बहिरं, अस्वल बहिरं आणि माणूसही बहिरा. शिवाय ओल्या शेवाळावर पाय वाजत नाही, अंगाचा वास लांब जात नाही, आणि धो धो पाऊस जरा ओसरला की हरणं मोठ्या झाडांखालून दलदलीच्या माळावर चरायला निघतात. हे सगळं बरोबर आहे. यावर मी त्याच्याशी कधी वाद घातला नाही. माझा वाद असायचा तो अस्वलावरून.

आमच्या बेटावर माणसांपेक्षा तपकिरी अस्वलं जास्त, असं सगळेच म्हणतात. बंदुकीचा आवाज म्हणजे हरणाचं मांस, हे त्यांतल्या बऱ्याच जणांना केव्हाच कळून चुकलं आहे. गोळी वाजली की काही अस्वलं पळतात आणि काही जेवायला येतात. कान असलेला माणूस मोडलेली फांदी ऐकतो, नाकातला फुसकारा ऐकतो. हार्लन काय ऐकणार?

यावर तोड काढली ती माझ्या धाकट्या भावाने, विल्बरने. हॅलिबट मासा पकडायच्या गळाची डांबर लावलेली दोरी त्याने घेतली. एक टोक हार्लनच्या कमरेच्या पट्ट्याला, दुसरं स्वतःच्या हातात. हाताला काचू नये म्हणून आपल्या टोकाला त्याने पिवळ्या देवदाराची एक मूठ कोरून बसवली. हार्लन पुढे, हा मागे. दोरी एकदा ओढली की थांबायचं. दोनदा ओढली की हरण दिसलंय. तीनदा ओढली की मागे वळ, मोठा आलाय. जंगलात अस्वलाचं नाव घ्यायचं नसतं, आम्ही 'मोठा'च म्हणतो. विल्बर म्हणायचा, "दोरीचं एक बरंय. नाव घ्यावंच लागत नाही."

हार्लन त्याला उत्तरादाखल एकच हलका हिसका द्यायचा. कळलं, एवढाच त्याचा अर्थ.

धक्क्यावरच्या लोकांना तेवढंच पाहिजे होतं. हे दोघे दोरी बांधून होडीतून उतरले की कोणीतरी विचारायचंच, "विल्बर, दाजींना फिरवून आणलंस का? चावत नाहीत ना?"

"चावतात."

"मग भुंकत का नाहीत?"

"भुंकून काय करतील, स्वतःला तर ऐकू येत नाही."

हार्लन हसायचा. काय बोलले ते त्याला ऐकू आलेलं नसायचं, पण विल्बरचं तोंड बघून तो अंदाज करायचा. वीस-बावीस वर्षं हे दोघे असे पावसात हिंडले. मारलेल्या प्रत्येक हरणाचे दोन सारखे वाटे व्हायचे, बरगड्यासुद्धा मोजून. कधी विल्बर मासेमारीला गेलेला असला तर मी दोरी धरायचे. मला मात्र तो उलट हिसका कधीच मिळाला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "तुला काय द्यायचा? तू तशीही बोलतच असतेस मागे." बहिऱ्या माणसाला हे कसं कळतं, देव जाणे.

मग एका हिवाळ्यात विल्बर गेला. धक्क्यावर होडीतलं बर्फ खरवडत होता, तिथेच बसला, आणि उठला नाही. त्याची पेटी हार्लन आणि त्याच्या भावांनी केली, खड्डाही त्यांनीच खणला. आमच्याकडे तशीच रीत आहे. आमच्या लोकांत दोन बाजू असतात, प्रत्येकीत बरीच कुळं. आम्ही गरुडांच्या बाजूचे, हार्लन डोमकावळ्यांच्या. लग्न समोरच्या बाजूशी होतं आणि मेल्यावर मातीही समोरची बाजू देते. मग साधारण वर्षाने गेलेल्याचं कुळ मोठं जेवण घालतं आणि समोरच्या बाजूला बसवून वाढतं. त्या जेवणाच्या आधी गेलेल्याच्या आवडीचं ताट आगीत द्यायचं. आगीत जातं ते त्याला पोचतं.

विल्बरला काय आवडायचं हे विचारायची गरजच नव्हती. हरणाच्या बरगड्या, खाली भात, वरून सीलचं तेल.

माझ्या दोघा भाच्यांनी ऑगस्टमध्येच दोन हरणं आणून फ्रीजरमध्ये टाकली होती. पण ऑक्टोबर सरत आला, जेवण तोंडावर आलं, आणि हार्लनने विषय काढला, की आगीतल्या ताटाचं हरण मी आणणार.

फ्लोरामावशी आमच्या कुळातली सगळ्यात मोठी. ती आमच्या स्वयंपाकघरात बसून माशाचे काटे काढत होती. म्हणाली, "तू पाहुणा आहेस जावई. खड्डा खणलास, आता गप बसून जेवायचं. स्वतःच मारायचं, स्वतःच खायचं, मग आम्ही काय नुसत्या वाट्या धुवायच्या?"

"त्या ताटातलं मी खाणार नाही. ते त्याचं आहे."

"पोरांनी आणलेलं काय कडू लागणारे त्याला?"

हार्लनने कानातलं यंत्र बोटाने नीट बसवलं. हे त्याचं वेळ काढणं असतं. मग म्हणाला, "अर्धं त्याचं असायचं. यंदा त्याच्या वाटणीचं मी काहीच आणलं नाही."

मावशीने हातातला काटा बाजूला ठेवला. म्हणाली, "बरं. पण दोरी कोण धरणार?"

माझ्या उजव्या गुडघ्याची पार वाट लागली होती. उन्हाळ्यात बदलून देऊ, असं जुनो शहरातल्या डॉक्टरने सांगितलं होतं. जिना उतरतानाही मी कठड्याला धरून उतरायचे, तर दलदलीत कुठली चालणार? दोघा भाच्यांनी लगेच तयारी दाखवली. हार्लन त्यांना नको म्हणाला. का, ते सांगितलं नाही. मी चिडले. एकट्याने जायला तू काय विशीतला आहेस का, म्हणाले. त्याने सरळ यंत्रं काढून टेबलावर ठेवली. आमच्या घरात भांडण असं संपतं.

शेवटी मी एवढंच मिळवलं, की मी होडीतून येणार. तो वर जाईल, मी खाडीत होडी सांभाळीन.

आम्ही निघालो तेव्हा उजाडलं होतं आणि पाऊस सुईसारखा बारीक, वाऱ्यावर तिरका लागला होता. फाटकी खाडी म्हणतात तिथे पोचेपर्यंत तो भरला. डोंगर दिसेना, पलीकडचा किनाराही दिसेना. हार्लनच्या चेहऱ्यावर मात्र मी कित्येक महिन्यांनी बरं काही पाहिलं. कानांची डबी निघतानाच माझ्या खिशात आली होती. त्याने पिशवीतून दोरी काढली आणि कमरेच्या पट्ट्याला बांधायला लागला.

मी खुणेने विचारलं, हे कशाला? दुसऱ्या टोकाला कोण आहे?

तो म्हणाला, "मागे ओढ लागली की मी हळू चालतो. नाहीतर घाई होते." बहिऱ्या माणसांसारखा तो तेव्हा मोठ्याने बोलतो, सगळी खाडी ऐकते. "घाई करणाऱ्याला हरण दिसत नाही, एडना."

हे मला शहाणपणाचं वाटलं. तो गोट्यांवरून वर गेला. त्याच्यामागे दोरी सरपटत गेली, आणि शेवटी ती लाकडाची मूठ दगडावर टकटक करत गेली. झाडांत शिरताना ती एका मुळाला अडकली. हार्लन थांबला. मग मागे न बघता त्याने कंबर जरा हलवली, मूठ सुटली, आणि दोघे दिसेनासे झाले. दोघे म्हणजे तो आणि मूठ.

त्यानंतर मी होडीत बसून होते. भरती संपून ओहोटी लागली होती. आमच्याकडे पाणी उतरतं ते दोन माणसांच्या उंचीइतकं उतरतं, आणि झपाझप उतरतं. थोड्या थोड्या वेळाने वल्ह्याने ढकलून होडी खोल पाण्यात घ्यायची, नाहीतर ती गोट्यांवर बसते आणि पुढची भरती येईपर्यंत हलत नाही. मला तेवढंच काम होतं. मी थर्मासमधली कॉफी प्यायले, भाजक्या माशाचा तुकडा तोंडात टाकला. टोपीवर पाऊस इतका वाजत होता, की मलाही दुसरं काही ऐकू येत नव्हतं. विल्बर असताना मी अशी कधी बसले नव्हते. घरी विणत बसायचे, आणि दोघे आले की आधी बूट बाहेर काढा म्हणून ओरडायचे. काळजी करायचं माझ्याकडे कधी आलंच नव्हतं, ते काम विल्बर करायचा. आता ते सगळं एकदम माझ्या अंगावर पडलं होतं आणि मला ते जमत नव्हतं.

पाऊस जरा ओसरला. मी मनात म्हटलं, आता हरणं निघतील. आणि खरंच थोड्या वेळाने वरून एक गोळी वाजली. ओल्या हवेत तिचा आवाज दबका आला, सतरंजी झटकल्यासारखा. एकच गोळी. एका गोळीत झालं म्हणजे नीट लागली. मला बरं वाटलं, ते फार टिकलं नाही.

खाडीच्या टोकाला ओढा येऊन मिळतो, तिथल्या गवतात एक तपकिरी ढिगारा होता. इतका वेळ मी तो खडक समजत होते. तो उठला. त्याने डोकं वर करून नाक जंगलाकडे धरलं. मग तो चालायला लागला. पळत नव्हता. जेवायला हाक मारल्यावर माणूस जसा निघतो तसा निघाला, आणि हार्लन जिथून आत शिरला होता त्याच्या जवळूनच झाडांत गेला.

मी भोंगा वाजवला. धुक्यात वाजवायचा भोंगा आमच्या होडीत असतो. तीनदा वाजवला. मोठा थांबलासुद्धा नाही. आणि ज्याच्यासाठी वाजवायचा त्याचे कान माझ्या खिशात होते.

हा आता गुडघ्यावर बसून हरणाचं पोट फाडत असणार. रायफल कुठेतरी टेकवून ठेवलेली असणार. नजर खाली. मागून घर कोसळलं तरी त्याला कळायचं नाही. मी नांगर टाकला, होडीचं काय व्हायचं ते होवो म्हटलं, मोठ्यावर मारायच्या मिरचीच्या फवाऱ्याची बाटली खिशात कोंबली आणि वल्हं काठीसारखं धरून पाण्यात उतरले.

जंगलात वाट शोधावी लागली नाही. शेवाळावर दोरीची ओळ उठली होती, आणि मूठ जिथे जिथे आपटली होती तिथे पाणी साचलं होतं. त्या ओळीवरून मी चढले. काटेरी झुडपं हाताला लागत होती. गुडघ्यात प्रत्येक पावलाला कळ यायची आणि डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. मी मनात विल्बरला शिव्या देत होते. तुला आत्ताच मरायचं होतं का, म्हणत होते. हा माणूस माझ्या गळ्यात टाकून गेलास, म्हणत होते. एकदा घसरून पडले तेव्हा तिथेच बसून रडावंसं वाटलं. पण ओळ पुढे जात होती, म्हणून उठले.

झाडं संपली आणि माळ आला. पाऊस पुन्हा भरला होता. हार्लन मला पाठमोरा, गुडघ्यांवर बसलेला दिसला. त्याच्यापुढे शिंगांचं चांगलं मोठं हरण. रायफल एका वाळक्या बुंध्याला टेकवलेली, हाताच्या टप्प्याबाहेर. आणि उजव्या हाताला, झाडांच्या कडेला, मोठा मागच्या पायांवर उभा राहून वास घेत होता. माझ्यापासून तो जितका लांब, साधारण तितकाच हार्लनपासून.

पळायचं नाही, एवढं मला लहानपणापासून शिकवलेलं. ओरडून उपयोग नव्हता. वल्हं फेकून मारावं तर ते पोचलं नसतं, फवाराही नाही. तेवढ्यात पायाखाली बघितलं. देवदाराची मूठ डबक्यात पडली होती. मी वाकले, ती उचलली, दोरी हळूच ताणून घेतली आणि ओढली. एक, दोन, तीन.

हार्लनचे हात थांबले. पाठ ताठ झाली.

पण तो वळला नाही.

मला वाटलं, नीट लागली नसेल. मी पुन्हा ओढली, जोराने. त्याच्या पट्ट्याला बसलेला हिसका मला इथून दिसला. तो तसाच बसून राहिला. रायफलकडे हात नाही, काही नाही. डोकं जरा खाली घातलं. मोठा चारही पायांवर आला आणि दोन पावलं पुढे सरकला. या माणसाला झालंय काय? मुळाला अडकली असं वाटतंय का याला? तीनदा कुठलं मूळ ओढतं? मी तिसऱ्यांदा ओढली, आणि आता मी रडत होते.

तेव्हा त्याचा हात सावकाश मागे गेला. त्याने कमरेजवळ दोरी धरली आणि एक हिसका दिला. एकच, हलका. तो माझ्या तळव्यात आला. मग तो वळला. मला बघितलं, मी दाखवलं तिकडे बघितलं, आणि रायफल घेतली.

"मारू नकोस," मी म्हटलं. ऐकणार कोण होतं? पण त्याने मारली नाही. तिथून गोळी घालून मोठा पडला नसता, नुसता चिडला असता. मी दोरी गुंडाळत गुंडाळत त्याच्याकडे गेले आणि त्याच्या पाठीशी उभी राहिले. मग आजीने शिकवलं होतं तसं, हातातलं सगळं खाली ठेवून, दोन्ही हात मोकळे दाखवून, मोठ्याशी बोलायला लागले. बाजू गरुडांची असली तरी अस्वल आमच्या कुळाचं चिन्ह आहे. तो माझ्या भावाच्या जागी.

"दादा," मी म्हटलं, "आम्ही गरीब माणसं आहोत. तुझं काही न्यायला आलो नाही. हे तुझे दाजी आहेत, यांना ऐकू येत नाही, यांच्यावर रागावू नकोस. हे हरण विल्बरच्या जेवणाचं आहे. तू विल्बरला ओळखतोस, आपल्याच घरातला. यातलं आतलं सगळं तुला ठेवतो. काळीज पण ठेवतो. बरगड्या तेवढ्या मागू नकोस, त्या त्याच्या आहेत."

माझा आवाज इतका कापत होता, की आजी असती तर तिने चापट मारली असती. मोठ्याने फुसकारा टाकला, तोंड एका बाजूला वळवलं आणि मातीत बसला. मोठ्यांच्यात तोंड वळवून बसणं म्हणजे काय ते मला माहीत नाही. मी ते होकार म्हणून घेतलं.

हार्लनने दोरी शिंगांना बांधली आणि हरण ओढायला लागला. मी हरणाच्या मागून, मोठ्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालले. आम्ही झाडांत शिरलो तेव्हा मोठा उठून आमच्या जागेवर आला होता आणि खाली डोकं घालून खात होता. तो मागे येईल की काय, ही धास्ती मला खाली पोचेपर्यंत होती.

खाली होडी गोट्यांवर कलंडून पडली होती आणि पाणी पार लांब गेलं होतं. म्हणजे आता भरतीची वाट बघायची. रक्ताने माखलेलं हरण होडीत, मागे जंगल, आणि कुठेही जाता येत नाही. आम्ही ताडपत्री अंगावर ओढून, रायफल मध्ये ठेवून बसलो. तेव्हा माझ्या तोंडाचा बांध फुटला. वळला का नाहीस, मी विचारलं. तीनदा ओढली, मेल्या, तीनदा, एवढा काय दगड झाला होतास? जीव माझा गेला असता तिथे उभ्या उभ्या. हे मी बराच वेळ ओरडत होते, आणि त्याचे कान माझ्या खिशात होते.

एरवी मी अशी ओरडताना दिसले, की तो हात पुढे करतो, "कान दे" म्हणतो. त्या दिवशी मागितले नाहीत. मी डबी काढून समोर धरली, तर मानेनेच नको म्हणाला. पाणी चढेपर्यंत तो दोरी मांडीवर घेऊन, मुठीवरचा चिखल अंगठ्याने पुसत बसला होता. मी जंगलाकडे बघत होते. काही आलं नाही. अंधार पडता पडता होडी तरंगली आणि आम्ही निघालो.

जेवण चांगलं झालं. हॉल भरला होता. फ्लोरामावशीने विल्बरचं नाव घेतलं आणि बरगड्या, भात, तेल असं ताट आगीत दिलं. तेलाने आग भडकली तेव्हा समोर डोमकावळ्यांच्या रांगेत बसलेला हार्लन आगीकडे बघत होता. त्याने बाकीचं सगळं खाल्लं, हरणाला हात लावला नाही. फाटक्या खाडीची गोष्ट तोवर गावभर झाली होती. कोणीतरी म्हणालं, "हार्लन, बायकोने ओढली तर लगेच वळावं माणसाने." सगळे हसले. हा पण हसला.

घरी आल्यावर मी भांडी आवरत होते. तो टेबलापाशी बसला होता, यंत्रं कानात होती. मी त्याला काही विचारलं नव्हतं.

म्हणाला, "एडना, मोठा आलाय ते मला कळलं होतं. पहिल्या ओढीलाच कळलं होतं."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"तो तीनदा ओढायचा तशीच ओढलीस. मूठ त्याचीच." मग तो म्हणाला, "वळलो नव्हतो तोवर मागे तोच होता."

मला भयंकर राग आला. तेवढ्या वेळात मोठा दोन पावलं पुढे आला होता, मी बघितलं होतं. ते मी त्याला बोलून दाखवणार होते. पण तळव्यातला तो हलका हिसका मला आठवला, आणि तो माझ्यासाठी नव्हता हे मला आत्ता कळलं. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. विल्बर माझाही भाऊ होता. त्या रात्री आम्ही दोघे त्याच्यासाठी रडलो, वर्षाने का होईना.

उन्हाळ्यात माझा गुडघा बदलला. आता दोरी मी धरते. पाऊस भरून आला की हार्लन डबी माझ्या हातात देतो आणि आम्ही वर जातो. धक्क्यावर लोक मला विचारतात, चावत नाही ना, आणि मीही काहीबाही उत्तर देते. माळाच्या कडेला हरण दिसलं की मी दोनदा ओढते. तो थांबतो, कमरेजवळ हात नेऊन एक हिसका देतो, आणि लगेच वळत नाही. मी घाई करत नाही. झाडांच्या कडेने नजर फिरवत, मोठा कुठे नाही ना ते बघत, मूठ घट्ट धरून उभी राहते.